लाईट बिल कमी आलं, पण वीज किती वाचली?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या एका सोसायटीत १८० फ्लॅट आहेत. मार्च २०२५ मध्ये सगळ्यांनी मिळून घाऊक भावात सामान घेतलं: घरटी तीन बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचे, कमी वीज खाणारे) पंखे आणि पाच एलईडी बल्ब. शिवाय ४० घरांनी जुना फ्रिज देऊन नवा घेतला. एप्रिल ते जून २०२४ आणि एप्रिल ते जून २०२५ ची बिलं शेजारी ठेवली, तर घरटी रोजचा वापर ९.६ युनिटवरून ७.३ वर आलेला दिसतो, म्हणजे २४ टक्के घट. पुरवठादाराच्या कागदावर नुसत्या पंख्यांचीच बचत घरटी वर्षाला ७६१ युनिट लिहिली आहे. वार्षिक सभेत कुठला आकडा सांगायचा?

दोन्हींपैकी एकही सांगू नका. बिलाच्या आकड्यात हवामान मिसळलेलं आहे आणि पुरवठादाराच्या आकड्यात लोक पंखा कसा वापरतात याचा पत्ताच नाही. मीटर फक्त वापरलेली वीज मोजतो. न वापरलेली वीज कुठल्याच मीटरवर दिसत नाही. सामान बदललं नसतं तर याच उन्हाळ्यात, याच माणसांनी किती वीज जाळली असती, हा आकडा आपल्याला उभा करावा लागतो आणि त्यातून प्रत्यक्ष वापर वजा करावा लागतो. या 'नसतं बदललं तर'च्या आकड्याला बेसलाईन म्हणतात. बचत मोजण्यातलं सगळं कौशल्य आणि सगळी फसवणूक याच एका आकड्यात असते.

आधी पुरवठादाराचा हिशेब उलगडू. जुना पंखा ७५ वॅट, नवा २८, फरक ४७. रोज १८ तास, वर्षाला ३०० दिवस धरले की एका पंख्याचे २५४ युनिट आणि तिघांचे ७६१. गुणाकार बरोबर आहे, गृहीतकं चुकीची आहेत. दोन बेडरूमच्या घरात तीनही पंखे १८ तास फिरत नाहीत. माणसं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात आणि पंखा त्यांच्या मागे जातो. हॉलमधला ९ तास, झोपायच्या खोलीतला ९ तास, तिसऱ्या खोलीतला ३ तास धरले तर घरात रोज २१ पंखा-तास होतात. कागदावर मात्र ५४ धरले आहेत.

दुसरी गोष्ट वेगाची. ४७ वॅटचा फरक पाचच्या वेगावर पडतो. तीनवर इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असलेला जुना पंखा साधारण ४० वॅट घेतो आणि बीएलडीसी १२ च्या आसपास, म्हणजे फरक २८ राहिला. चाळीस टक्के वेळ पूर्ण वेग (तिथे प्रत्यक्षात ७५ वरून ३०, म्हणून ४५ धरा) आणि साठ टक्के वेळ मधला वेग धरला तर सरासरी बचत ३५ वॅट येते. २१ तास गुणिले ३५ वॅट म्हणजे रोज ०.७३ युनिट. नागपुरात नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रात्री पंखा जवळपास बंद असतो, पावसाळ्यातही काही रात्री तो लागत नाही. म्हणून ३०० ऐवजी २४० दिवस धरले की घरटी वर्षाला १७६ युनिट होतात. कागदावरच्या आकड्याच्या चौथाईपेक्षाही कमी.

इथे जुन्या घरांसाठी एक उलट दुरुस्ती आहे. भिंतीवर तो मोठा, चौकोनी, तारेच्या गुंडाळीचा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू केला तरी उरलेली वीज रेग्युलेटरमध्येच उष्णता होऊन जाते. हात लावला तर तो गरम लागतो. अशा घरात मधल्या वेगावरची बचत वरच्या २८ वॅटपेक्षा बरीच जास्त निघते. म्हणून घरोघर पाहणी करताना रेग्युलेटर कुठला आहे, हे लिहून घ्या. बीएलडीसी पंखा लावताना जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढलाय का, हेही तपासा. तो तसाच ठेवून कोणी वेग कमी केला, तर पंखा गुणगुणतो आणि त्याची आतली पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) लवकर जाते. मग घरमालक वैतागून जुनाच पंखा परत टांगतो आणि तुमची बचत शून्यावर येते.

आता बिलं. टक्केवारी काढण्याआधी प्रत्येक घराची बिलं साफ करावी लागतात. हे कंटाळवाणं काम आहे, पण निम्म्या चुका इथेच सापडतात. बिलावर लिहिलेला महिना बघू नका, चालू रीडिंगची तारीख आणि मागील रीडिंगची तारीख बघा. मे महिन्याचं म्हणून आलेलं बिल ८ एप्रिल ते ८ मे असं असू शकतं. एकदा २८ दिवसांनी रीडिंग झालं आणि एकदा ३५ दिवसांनी, तर नुसत्या दिवसांमुळेच २५ टक्क्यांचा फरक दिसतो. म्हणून प्रत्येक बिलाचे युनिट दिवसांनी भागून 'रोजचे युनिट' हाच आकडा पुढे न्या. घर बंद असल्यामुळे किंवा मीटर वाचता न आल्यामुळे सरासरीवर आलेली बिलं वेगळी काढा. सरासरी बिल आणि त्याच्या पुढचं खरं रीडिंगवालं बिल यांना जोडून एकच लांब कालखंड धरा, कारण पुढच्या बिलात मागचा फरक वळता झालेला असतो. 'समायोजित युनिट'च्या रकान्यात आकडा दिसला तर तो का आला, हे कळेपर्यंत ते घर बाजूला ठेवा.

मधल्या काळात मीटर बदललेली घरं हा मोठा सापळा आहे. जुना, थकलेला मीटर हळू फिरत असेल आणि त्या जागी नवा इलेक्ट्रॉनिक मीटर बसला असेल, तर घरातलं काहीही न बदलता वापर वाढलेला दिसतो. असं घर मीटर बदलाच्या दोन्ही बाजूंनी तुलनेत घेऊ नका. नव्या मीटरचा एक फायदाही आहे: टीओडी (वापर वेळेनुसार नोंदवणारा) मीटर बसलेल्या घरांना तासातासाचा वापर बघता येतो. पहाटे ३ ते ४ हा तास फार बोलका असतो. त्या वेळी घरात पंखे, फ्रिज, कूलर किंवा एसी आणि इन्व्हर्टरचं चार्जिंग, एवढंच चालू असतं. पंखे बदलल्याचा परिणाम या तासात स्वच्छ दिसतो.

छतावर सोलर असलेल्या घराच्या बिलातले युनिट म्हणजे त्या घराचा वापर नव्हे. नेट मीटरिंगमध्ये बिलावर आयात वजा निर्यात येते. घराचा खरा वापर काढायचा तर सोलरने तयार केलेले युनिट, त्यात आयातीचे मिळवलेले आणि निर्यातीचे वजा केलेले, असा हिशेब हवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये घरच्या सोलरला अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना आल्यापासून असे फ्लॅट आणि बंगले वाढले आहेत. दोन उन्हाळ्यांच्या मध्ये कोणी सोलर बसवलं असेल आणि ते तुमच्या २४ टक्क्यांत मोजलं गेलं असेल, तर ती पंख्याची बचत नाही. जनरेशन मीटरचं रीडिंग मिळत नसेल तर घर यादीतून काढा. दहा घरं कमी झाली तर चालेल, दहा खोटी घरं चालणार नाहीत.

भाडेकरू बदलला, बाळ झालं, मुलगा शिकायला पुण्याला गेला, आईवडील गावाहून राहायला आले: हे सगळं बिलात उतरतं. एका पानाचा प्रश्नसंच पुरतो. घरात किती माणसं, दोन्ही उन्हाळ्यांत तीच का, एसी, गीझर, इंडक्शन किंवा दुसरा फ्रिज नवीन आला का, किती दिवस घर बंद होतं. शाळेच्या सुट्टीत तीन आठवडे गावी जाणारं घर आणि न जाणारं घर यांची मे महिन्यात तुलनाच होत नाही.

यानंतर हवामान, आणि नागपुरात खरा प्रश्न तोच आहे. २०२५ च्या मे महिन्यात राज्यभर अवकाळी पाऊस झाला आणि मान्सून केरळात नेहमीच्या १ जूनऐवजी २४ मे रोजीच पोचला. अशा दोन वर्षांची तीन-तीन महिन्यांची बिलं नुसती शेजारी ठेवली, तर ढगांनी वाचवलेली वीज पंख्याच्या नावावर जमा होते.

हवामानाचा हिशेब करायची रूढ रीत कूलिंग डिग्री-डे ही आहे. दिवसाचं सरासरी तापमान घ्यायचं, त्यातून एक आधार तापमान वजा करायचं, जे उरेल ते त्या दिवसाचे डिग्री-डे. कमाल ४४ आणि किमान ३० असेल तर सरासरी ३७. आधार २७ धरला तर त्या दिवसाचे १० डिग्री-डे झाले. बिलाच्या दोन रीडिंग-तारखांमधल्या दिवसांची बेरीज करायची आणि घराचे युनिट त्या बेरजेशी जुळवून रेषा काढायची. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात १९८० च्या दशकात याच कल्पनेवर प्रिझम ही पद्धत बसवली गेली. तिचं वैशिष्ट्य असं की आधार तापमान सगळ्यांना एकच न लादता प्रत्येक घराच्या आकड्यांतून शोधलं जातं. ज्या घरात मुख्यतः एसी चालतो, तिथे ही रेषा छान बसते: जितकं तापमान जास्त तितका कॉम्प्रेसर जास्त चालतो.

पण नागपूरचं निम्मं शहर कूलरवर उन्हाळा काढतं, आणि कूलर रेषेत चालत नाही. तो पायरीवर चालतो. बाहेर ४० असो की ४५, पंखा आणि पंप चालू म्हणजे चालू, वीज तेवढीच. होळीनंतर ताट्या बदलून कूलर खिडकीत बसला की वापराची पायरी एकदम वर जाते. पहिला चांगला पाऊस पडून हवा दमट झाली, की कूलर अंगाला चिकचिक आणतो म्हणून बंद होतो आणि पायरी खाली येते. म्हणून कूलरच्या घरांसाठी डिग्री-डेपेक्षा 'कूलरचे दिवस' हा हिशेब सरस ठरतो. लोखंडी कूलरचा पंखा आणि पंप मिळून समजा २१५ वॅट घेत असेल आणि तो रोज १४ तास चालत असेल, तर दिवसाला ३ युनिट. एका वर्षी कूलर २० दिवस कमी चालला, तर हंगामात ६० युनिट कमी होतात. त्यात तुमच्या पंख्याचा काडीचाही हात नाही. स्थानिक कारागिराने बनवलेल्या कूलरच्या मोटरचे वॅट पाटीवर असतातच असं नाही आणि असले तरी खरे असतातच असं नाही. ते मोजूनच घ्या. कसं ते पुढे येतं.

घराचा मूळ वापर, म्हणजे थंडावा आणि गरम पाणी दोन्ही सोडून उरलेला वापर, काढण्यासाठी डिसेंबर-जानेवारीची बिलं वापरू नका. त्या महिन्यांत नागपूरची थंडी चांगली झोंबते आणि गीझर किंवा पाण्यात टाकायचा हीटर रोज दोन-तीन युनिट खातो. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आणि फेब्रुवारीचा दुसरा, हेच खरे मोकळे दिवस.

तापमानाचे आकडे सोनेगाव विमानतळावरच्या वेधशाळेचे घ्या, आणि दोन्ही वर्षांसाठी तेच केंद्र ठेवा. स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी न तपासता वापरू नका. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आणि तो संवेदकाचा दोष असल्याचं नंतर स्पष्ट झालं. असा एक आकडा महिन्याच्या बेरजेत शिरला, तर बेसलाईन फुगते आणि बचतही फुगते. करोनाची टाळेबंदी असलेले २०२० आणि २०२१ चे उन्हाळे बेसलाईनमध्ये घेऊच नका, तेव्हा सगळं कुटुंब दिवसभर घरात होतं.

हवामानाची दुरुस्ती कितीही नेटकी केली तरी काही गोष्टी सुटतात. त्यांच्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तुलना गट. शेजारची, शक्य तर त्याच बिल्डरची, तशाच आकाराच्या फ्लॅटची, पण जिथे सामान बदललं नाही अशी सोसायटी शोधा आणि तिचीही दोन्ही उन्हाळ्यांची बिलं मिळवा. समजा तिथल्या १५० घरांचा रोजचा वापर ९.४ वरून ८.० वर आला. तिथे कोणी काही बदललं नव्हतं, तरी वापर १.४ ने घटला. ही घट हवामानाची, सुट्टीची, वीजदराची, जशी असेल तशी. तुमच्याकडची घट २.३ युनिट. दोन्हींचा फरक ०.९ युनिट रोज, आणि एवढीच तुमच्या कार्यक्रमाची बचत. २४ टक्क्यांचे झाले साधारण साडेनऊ टक्के.

या ०.९ ला लगेच चिकटून बसू नका, त्याची पट्टी काढा, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते बघा. एका घराचा एका वर्षातून दुसऱ्या वर्षात होणारा बदल फार विखुरलेला असतो. त्या बदलाचं प्रमाण विचलन (विखुरलेपणाचं माप) रोज १.५ युनिट धरलं, तर १८० आणि १५० घरांच्या तुलनेत ९५ टक्के खात्रीची पट्टी अधिक-उणे ०.३३ येते. म्हणजे खरी बचत ०.६ ते १.२ च्या दरम्यान कुठेतरी. तेच दोन्हीकडे २५-२५ घरंच घेतली असती, तर पट्टी ०.८३ झाली असती आणि ०.९ ची बचत जवळजवळ शून्याला टेकली असती. 'आमच्या गल्लीतल्या वीस घरांत तीस टक्के बचत झाली' अशा दाव्यांवर विश्वास का ठेवू नये, ते यात आहे. पट्टी निम्मी करायची तर घरं चौपट लागतात.

तुलना गटाची एक अट कडक आहे. 'ज्यांनी सामान घेतलं' आणि 'ज्यांनी घेतलं नाही' अशी एकाच सोसायटीत तुलना करू नका. पुढे येऊन सामान घेणारं घर बहुतेक वेळा आधीपासूनच बिलाकडे लक्ष देणारं असतं, किंवा नुकतंच मोठं बिल आल्याने हबकलेलं असतं. त्याचा वापर तसाही खाली आला असता. पुढचा टप्पा करणार असाल तर सगळ्यांची नावं घ्या आणि चिठ्ठ्या टाकून अर्ध्या इमारतींना या वर्षी, उरलेल्यांना पुढच्या वर्षी सामान द्या. कुणाचं नुकसान होत नाही आणि वर्षभर निखळ तुलना मिळते.

आता बिलाचा ०.९ आणि उपकरणांचा हिशेब एकमेकांवर घासून बघा. पंख्यांचे उन्हाळ्यात रोज ०.७३. बल्बांचं काय? उजाला योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली तेव्हा ६० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जागी एलईडी येत होता आणि एका बल्बमागे पन्नासेक वॅट वाचत होते. आज घराघरांतून निघालेले बल्ब बघितले तर बहुतेक १४-१५ वॅटचे सीएफएल किंवा जुने एलईडीच असतात. ५ बल्ब, ५ वॅट फरक, ४ तास: रोज ०.१ युनिट. फ्रिज ४० घरांत, प्रत्येकी रोज ०.५ धरलं तर १८० घरांवर वाटून ०.११. एकूण ०.९४. बिलातून आलेल्या ०.९ च्या शेजारीच. दोन स्वतंत्र वाटांनी जाऊन आकडे इतके जवळ आले, की मग सभेत ठामपणे बोलता येतं. ते एकमेकांपासून दुप्पट-तिप्पट लांब आले असते, तर कुठली तरी गृहीतकं चुकली आहेत आणि ती शोधल्याशिवाय आकडा जाहीर करायचा नाही.

वर्षाचा आकडा काढताना ०.९ ला ३६५ ने गुणू नका. पंखे २४० दिवसांचे १७६, बल्ब ३६ आणि फ्रिज ४० मिळून घरटी साधारण २५० युनिट. कोणी उन्हाळ्याचा आकडा वर्षभर ताणून ३२८ सांगत असेल तर तो डिसेंबरातही पंखा फिरवतोय.

उपकरण प्रत्यक्ष मोजायची सगळ्यात स्वस्त रीत तुमच्या मीटरवरच आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ 'इम्पल्स प्रति किलोवॅट-तास' असा आकडा कोरलेला असतो, समजा ३२००. एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकणार. घरातलं सगळं बंद करा, फक्त हवं ते उपकरण चालू ठेवा, दिवा लुकलुकला की स्टॉपवॉच सुरू करा आणि त्या लुकलुकीला शून्य म्हणा. एक म्हणालात की एका ठोक्याची चूक होते. दहाव्या ठोक्याला थांबा. ३६ लाख गुणिले ठोके, भागिले (३२०० गुणिले सेकंद), म्हणजे वॅट. कूलरवर दहा ठोके ४५ सेकंदांत पडले तर २५० वॅट. जुन्या ७५ वॅटच्या पंख्याला एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत १५ सेकंद जातात, २८ वॅटच्या बीएलडीसीला ४० सेकंद, म्हणजे दहा ठोक्यांना पावणेसात मिनिटं. धीर धरा, दोन ठोक्यांवर गणित करू नका. एकटा ९ वॅटचा बल्ब असा मोजू नका. दहा बल्ब एकदम लावून दहाने भागा.

या मोजणीत सगळ्यात जास्त घोळ इन्व्हर्टर घालतो. इन्व्हर्टर चार्ज होत असेल तर त्याचे ठोके पंख्याच्या नावावर पडतात. मेन स्विच बंद केला तर पंखा बॅटरीवर फिरत राहतो आणि मीटरवर एकही ठोका पडत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असताना इन्व्हर्टर बायपासवर टाकून मग मोजा. फ्रिज, सेटटॉप बॉक्स, वायफाय, दारावरची बेल आणि आरओसुद्धा बंद करा. सगळं बंद असताना दिवा लुकलुकतोय का, हे पाच मिनिटं बघूनच सुरुवात करा.

पकडीचा मीटर (क्लॅम्प मीटर) वापरून अँपिअर गुणिले व्होल्ट करणं ही इलेक्ट्रिशियन मंडळींची नेहमीची चूक. पंखा, फ्रिज, एलईडी यांचा पॉवर फॅक्टर (अँपिअर गुणिले व्होल्टपैकी खऱ्या वॅटचा वाटा) एकपेक्षा कमी असतो, म्हणून तो गुणाकार वॅट देत नाही, जास्त दाखवतो. खरे वॅट मोजणारा मीटर हवा. फ्रिजला प्लगमध्ये बसणारा एनर्जी मीटर लावा आणि निदान सात दिवस ठेवा. एका दिवसाच्या मोजणीत डीफ्रॉस्ट येतो किंवा येत नाही, पाहुणे येतात, दार उघडझाप होते. नव्या आणि जुन्या फ्रिजची मोजणी एकाच ऋतूत करा. मे महिन्यात स्वयंपाकघर ४० अंशांना गेलेलं असताना जुना फ्रिज मोजला आणि सप्टेंबरात नवा, तर फरकातला मोठा भाग ऋतूचा असतो.

एसीच्या लेबलवरचे वर्षाचे युनिट तर जसेच्या तसे कधीच घेऊ नका. बीईईच्या (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) लेबलवरचा आयएसईईआर, म्हणजे हंगामी कार्यक्षमतेचा आकडा, वर्षाला १६०० तास आणि बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश धरून काढलेला असतो. तुमचा एसी एप्रिल ते जून रोज नऊ तास चालत असेल तर तास होतात आठशेच्या आसपास, आणि त्यातल्या कितीतरी दुपारी बाहेरचं तापमान ४३ च्या वर असतं. तासांचं प्रमाण लावून आकडा खाली आणा, आणि तीव्र उन्हाच्या दुपारी कार्यक्षमता लेबलपेक्षा कमी असते हे लक्षात ठेवा.

काही बचत अशी असते की ती कागदावर असते आणि घरातून निघून गेलेली असते. जुना फ्रिज दुकानदाराने नेलाच नाही, तो गॅलरीत पाण्याच्या बाटल्यांसाठी चालू राहिला, तर त्या घरात वीज वाढते. काढलेला पंखा तिसऱ्या खोलीत लागतो. यावर मेक्सिकोतला सरकारी कार्यक्रम डोळ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे. तिथे जुने फ्रिज आणि एसी बदलून देण्यात आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लाखो घरांच्या बिलांवरून दिसलं की फ्रिज बदललेल्या घरांचा वापर ८ टक्के घटला. आधी वर्तवलेल्या बचतीचा तो साधारण चौथा भाग होता. एसी बदललेल्या घरांचा वापर तर वाढला. नवा, चांगला एसी लोकांनी जास्त वेळ चालवला. याला चोरी म्हणायचं कारण नाही; आपल्याकडे ४५ अंशांत आधी कूलरवर तळमळणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना झोप लागली असेल, तर ते कार्यक्रमाचं यशच आहे. पण ते 'आराम' या रकान्यात लिहा, 'बचत' या रकान्यात नको. अमेरिकेत मिशिगनमध्ये घरं उष्णतारोधक करण्याच्या कार्यक्रमाचा २०१८ मध्ये छापून आलेला अभ्यासही तेच सांगतो: संगणकाने वर्तवलेली बचत प्रत्यक्षाच्या तिपटीहून जास्त निघाली. आपल्या पुरवठादाराचा ७६१ चा आकडा त्याच पंक्तीतला.

पैशाचा हिशेब युनिटच्या सरासरी दराने करू नका. महावितरणच्या घरगुती दरात ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत, आणि वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यातून कमी होतं. महिन्याला ३३० युनिट जाळणारं घर ३०० वर आलं, तर ते तीसही युनिट महागड्या टप्प्यातले होते. ९० वरून ७० वर येणाऱ्या घराला तितक्याच पंख्यात फार कमी रुपये मिळतात. स्थिर आकार बचतीने कमी होत नाही. वहन आकार आणि वीज शुल्क मात्र युनिटबरोबर कमी होतात. सभेत एकच सरासरी रक्कम सांगितली तर छोट्या बिलवाली घरं दुखावतात, म्हणून टप्प्यांनुसार तीन-चार वेगळे आकडे मांडा.

कार्बनचा आकडा कोणी मागितला तर केंद्रीय वीज प्राधिकरण दरवर्षी ग्रीडचा उत्सर्जन गुणांक प्रसिद्ध करतं, तो सध्या युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. कोराडी, खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या धुराड्यांखाली राहणाऱ्या शहराला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सभेसाठी वाक्य असं लिहा: 'शेजारच्या सोसायटीशी तुलना करता एप्रिल-जून २०२५ मध्ये घरटी रोज ०.९ युनिट बचत, खात्रीची पट्टी ०.६ ते १.२, वर्षाचा अंदाज सुमारे २५० युनिट, सोलरवाली, मीटर बदललेली आणि नवीन एसी आलेली घरं वगळून.' किती घरं वगळली तेही त्याच ओळीत लिहा. शेजारच्या सोसायटीची बिलं अजून हाती नसतील, तर त्यांच्या सचिवांना तुमची कोरी तक्ताशीट आणि ग्राहक क्रमांकाचा रकाना काढून टाकलेली प्रत द्या. नावाशिवाय बिलं द्यायला लोक सहसा तयार होतात.

पुढच्या उन्हाळ्यासाठी बिलांवर अवलंबून राहू नका. १ मार्च, १ एप्रिल, १ मे, १ जून आणि १ जुलै, सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान दोघांनी जिन्याजिन्याने फिरून सगळ्या मीटरचे फोटो घ्यावेत. १८० मीटरना तासभर लागतो. त्याच फेरीत दर वेळी वेगवेगळ्या पंधरा घरांचं दार वाजवून वर बघा: बीएलडीसी पंखा अजून टांगलेला आहे का, फिरतोय का, आणि रिमोट हरवल्यामुळे तो कायम पाचवरच चालतोय का.